चांदीचा दाणा

काही महिन्यांपूर्वी आमच्या धर्मग्रामातील युवकांनी स्मरणिकेसाठी एक छायाचित्र आमच्यापुढे आणून ठेवले. पवित्र मरियामातेच्या मिरवणुकीचे ते दृश्य होते. चित्र कृष्णधवल, आकाश पांढुरके, सावल्या दाट, आणि साऱ्या चित्रावर बारीक रेती भुरभुरावी तसे कण पसरलेले. पाहताक्षणी वाटले, हे पन्नास-साठ वर्षांपूर्वीचे असावे. आम्ही कौतुकाने एकेक चेहरा ओळखू पाहू लागलो, तो पहिला ओळखीचा चेहरा निघाला तो आमचाच! मिरवणूक याच वर्षीची होती.

युवकांना हसू आवरेना. मग त्यांनी उलगडा केला. मोबाइलवर रंगीत छायाचित्र घेतले, संगणकावर त्याचे रंग काढून टाकले, आणि कोडॅकच्या एका जुन्या फिल्मवर जसे कण उमटत तसे कण त्यावर घातले. "जुन्या आठवणींच्या पानावर हे छान शोभेल, फादर," असे त्यांचे म्हणणे. त्या काळातील मिरवणुकीचे एकही छायाचित्र आपल्याकडे उरलेले नाही, ती उणीव अशी भरून निघेल, एवढाच त्यांचा निर्मळ हेतू होता.

आम्ही तत्काळ होकार दिला नाही आणि नकारही दिला नाही. जो कण एके काळी छायाचित्रकारांच्या डोळ्यांत खुपत असे, जो घालवण्यासाठी रसायनशास्त्रज्ञांच्या पिढ्या खपल्या, तोच कण आज मुद्दाम पुन्हा चित्रात आणला जातो आहे. असे का व्हावे? आणि त्यात खरे किती, खोटे किती? याचे उत्तर शोधायचे तर या कणाचाच इतिहास पाहावा लागतो. तो ख्रिस्ती वाचकाला ठिकठिकाणी ओळखीचा वाटेल असा आहे.

कणाचा जन्म

१८३९ हे छायाचित्रणाचे जन्मवर्ष मानले जाते. त्या वर्षी पॅरिसमध्ये लुई दागेर यांची पद्धत जाहीर झाली आणि इंग्लंडमध्ये विल्यम हेन्री फॉक्स टॅलबट यांनी आपली वेगळी पद्धत मांडली. दागेर यांचे चित्र चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर उमटे व ते एकुलते एक असे. टॅलबट यांनी पुढे कागदावर उलटे चित्र, म्हणजे निगेटिव्ह, घेऊन त्यावरून हव्या तितक्या प्रती काढण्याचा मार्ग दाखवला. दोन्ही पद्धतींच्या मुळाशी एकच गोष्ट होती: चांदीचे काही क्षार प्रकाश लागला की पालटतात. प्रकाश न लागलेला क्षार धुऊन काढण्यासाठी जॉन हर्शेल यांनी सुचवलेले द्रव्य पुढे 'हायपो' या नावाने जगभरच्या अंधारखोल्यांत पोहोचले.

१८७१ साली रिचर्ड लीच मॅडॉक्स या इंग्रज डॉक्टरांनी चांदीचे क्षार जिलेटिनमध्ये कालवून काचेवर पसरवण्याची कृती प्रसिद्ध केली. जिलेटिन म्हणजे जनावरांची हाडे व कातडी उकळून काढलेला चिकट पदार्थ. त्याच्या पातळ थरात चांदीच्या क्षाराचे असंख्य स्फटिक अडकून राहतात. त्यांचा आकार साधारणतः मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या आसपास असतो. एखाद्या स्फटिकावर पुरेसा प्रकाश पडला की त्यात चांदीच्या मोजक्या अणूंचा एक ठिपका तयार होतो. डोळ्यांना काहीच दिसत नाही. परंतु डेव्हलपरच्या द्रावणात ठिपका असलेला अखंड स्फटिक काळ्या चांदीत पालटतो आणि ठिपका नसलेला तसाच राहून हायपोत विरघळून जातो. म्हणजे प्रत्येक स्फटिकाला प्रकाशाने एकदाच विचारलेले असते, आणि त्याचे उत्तर 'होय' किंवा 'नाही' एवढेच असते. चित्रातील करड्या छटा म्हणजे वस्तुतः काळ्या दाण्यांची कोठे दाटी, कोठे विरळपणा. त्यांचे पुंजके डोळ्यांना जाणवू लागले की त्याला छायाचित्रकार 'ग्रेन' म्हणतात. आपल्या भाषेत त्याला दाणा म्हणण्यास हरकत नाही.

स्फटिक मोठा असला की त्याला प्रकाश सापडण्याचा संभव अधिक. म्हणून अंधुक उजेडात काम देणारी फिल्म नेहमी जाड दाण्याची आणि तलम चित्र देणारी फिल्म नेहमी मंद. या सौद्यातून कोणाचीच सुटका नव्हती. मात्र एक कोडे राहिले होते. स्फटिक सारखेच असूनही एका जिलेटिनची काच चपळ आणि दुसऱ्या जिलेटिनची मंद का निघते? कोडॅकच्या प्रयोगशाळेतील सॅम्युएल शेपर्ड यांनी १९२५ साली ते सोडवले. हा गुण जिलेटिनमधील गंधकयुक्त द्रव्यांच्या अत्यल्प अंशामुळे येतो, आणि तो अंश जनावरांनी खाल्लेल्या मोहरीसारख्या वनस्पतींतून येतो, असे त्यांना आढळले. मोहरीच्या दाण्याचा दाखला आम्ही वर्षानुवर्षे वेदीवरून सांगत आलो आहोत; तो दाणा छायाचित्रणाच्या इतिहासातही भेटेल, असे मात्र वाटले नव्हते.

एका धर्मोपदेशकाची फिल्म

काच जड आणि ठिसूळ. तिच्याऐवजी लवचीक, पारदर्शक फिल्म वापरावी हा विचार ज्यांनी सिद्धीस नेला, त्यांत रेव्हरंड हॅनिबल गुडविन यांचे नाव अग्रभागी आहे. अमेरिकेतील नेवार्क शहरातील 'हाउस ऑफ प्रेअर' या एपिस्कोपल पंथाच्या मंदिराचे ते धर्मोपदेशक होते. पवित्र शास्त्राच्या शिकवणीसाठी ते चित्रे दाखवीत. ती न फुटणाऱ्या पृष्ठभागावर घेता यावीत, या गरजेतून ते प्रयोगाकडे वळले. सेल्युलॉइडच्या फिल्मसाठी त्यांनी २ मे १८८७ रोजी पेटंटचा अर्ज केला. तो मंजूर व्हायला १३ सप्टेंबर १८९८ ही तारीख उजाडली. दरम्यान जॉर्ज ईस्टमन यांच्या कंपनीने १८८९ पासून तशीच फिल्म बाजारात आणली होती. गुडविन १९०० सालच्या अखेरच्या दिवशी निवर्तले. त्यांच्या पेटंटचा वाद पुढे न्यायालयात गेला, आणि १९१४ साली ईस्टमन कोडॅक कंपनीला पन्नास लक्ष डॉलर देऊन तो मिटवावा लागला.

आज घराघरातील ट्रंकेत पडलेली प्रत्येक निगेटिव्ह पट्टी त्या धर्मोपदेशकाच्या खटपटीची दूरची वारसदार आहे. पंथ वेगळा असला तरी शुभवर्तमान डोळ्यांना दिसावे ही तळमळ आपल्याला परकी वाटू नये.

लाल लुगडे काळे कसे?

जुन्या छायाचित्राला 'जुनेपण' देणारी दुसरी गोष्ट म्हणजे त्याची रंगांविषयीची आंधळी दृष्टी. चांदीचे क्षार स्वभावतः केवळ निळ्या-जांभळ्या प्रकाशाला प्रतिसाद देतात. १८७३ साली बर्लिनमध्ये हरमान विल्हेल्म फोगेल यांना आढळले की क्षारात योग्य रंगद्रव्य मिसळले तर काचेला हिरवा रंगही दिसू लागतो. अशा काचेला ऑर्थोक्रोमॅटिक म्हणत. लाल रंगही टिपणारी पॅनक्रोमॅटिक काच इंग्लंडच्या रॅटन अँड वेनराइट कंपनीने १९०६ साली बाजारात आणली. तरीही ऑर्थो काच पुष्कळ काळ वापरात राहिली, कारण ती लाल दिव्याच्या उजेडात पाहत पाहत धुता येई.

याचा परिणाम आपल्या घरातील चित्रांवर पाहावा. वसई परिसरातील आपल्या आजी-पणजींची लुगडी लालभडक. ऑर्थो काचेला लाल रंग म्हणजे अंधार. त्यामुळे ती लुगडी जुन्या चित्रात काळी उतरत. ते पाहून एखाद्याने "त्या काळी बायका काळी वस्त्रे नेसत" असा निष्कर्ष काढला तर तो फसेल. मरियामातेच्या पुतळ्यावरील निळा झगा त्याच काचेवर जवळजवळ पांढरा होई, आणि निरभ्र आकाश कोरे राही. छायाचित्र खोटे बोलत नव्हते; आपल्याला जेवढे दिसले तेवढेच ते सांगत होते. साक्षीदाराची दृष्टी कोठे अधू आहे हे ठाऊक असले की त्याची साक्ष अधिकच उपयोगी पडते.

दोषाचे भूषण झाले

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात दाण्याला निराळाच मान मिळाला. ६ जून १९४४ रोजी नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर रॉबर्ट कापा यांनी घेतलेली छायाचित्रे हललेली, अस्पष्ट व दाणेदार आहेत. स्टुडिओच्या मापाने ती नापास ठरली असती. परंतु ती पाहणाऱ्याला वाटते, हा माणूस तेथे होता. १९५४ साली कोडॅकने 'ट्राय-एक्स' ही जलद फिल्म ३५ मिलिमीटरच्या छोट्या कॅमेऱ्यांसाठी आणली आणि वृत्तछायाचित्रकारांना खोलीतल्या दिव्यावर, सायंकाळच्या रस्त्यावर काम करता येऊ लागले. वर्तमानपत्रांच्या वाचकांच्या मनात खडबडीत दाणा आणि प्रत्यक्ष घडलेली घटना यांची सांगड पक्की बसली. भारतातही, १९६० साली स्थापन झालेल्या उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्स या सरकारी कारखान्याची 'इंदू' ही कृष्णधवल फिल्म अनेक गावांतील स्टुडिओंपर्यंत पोहोचली. तो कारखाना आता बंद पडला आहे.

शास्त्रज्ञ मात्र दाणा बारीक करण्याच्या मागेच होते. १९८६ साली कोडॅकने 'टी-मॅक्स' फिल्म आणली. तिच्यातील स्फटिक चपटे, पापुद्र्यासारखे. त्यामुळे तेवढ्याच चांदीत अधिक प्रकाश पकडता येई आणि दाणा कमी दिसे. जपानच्या फुजी कंपनीची 'निओपॅन अ‍ॅक्रॉस' ही अतिशय तलम फिल्म २००० साली आली. नेमक्या त्याच सुमारास चांदीची सद्दी संपत आली होती.

चांदीविना चित्र

डिसेंबर १९७५ मध्ये कोडॅकमधीलच एक तरुण अभियंता स्टीव्हन सॅसन यांनी फिल्मविना चालणारा कॅमेरा जुळवला. तो दहा हजार बिंदूंचे कृष्णधवल चित्र घेई व ते कॅसेटच्या फितीवर नोंदवायला २३ सेकंद लावी. म्हणजे या नव्या युगाचा आरंभही कृष्णधवलच होता. १९८७ साली अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाचे विद्यार्थी थॉमस नोल यांनी संगणकाच्या काळ्या-पांढऱ्या पडद्यावर करड्या छटा दाखवणारी एक आज्ञावली लिहिली. त्यांच्या वडिलांची घरात अंधारखोली होती. भाऊ जॉन यांच्या साहाय्याने वाढलेली ती आज्ञावली फेब्रुवारी १९९० मध्ये 'फोटोशॉप' या नावाने बाजारात आली.

डिजिटल चित्र हळूहळू इतके स्वच्छ झाले की ते अनेकांना प्लॅस्टिकसारखे वाटू लागले. मग दाण्याची आठवण आली. २००८ साली निक सॉफ्टवेअर कंपनीने 'सिल्व्हर इफेक्स प्रो' आणले. नामांकित कृष्णधवल फिल्मांची नक्कल हेच त्याचे मुख्य काम. २०१० साली 'लाइटरूम' या प्रणालीत दाणा घालण्याची सोय आली. २०१२ साली लायका कंपनीने केवळ कृष्णधवल चित्रे घेणारा डिजिटल कॅमेरा काढला, आणि त्याच वर्षाच्या जानेवारीत कोडॅकने दिवाळखोरीचा अर्ज केला. २०१६ साली फुजीने आपल्या एका डिजिटल कॅमेऱ्यातच 'अ‍ॅक्रॉस' फिल्मचे रूप बसवले. मूळ अ‍ॅक्रॉस फिल्मचे उत्पादन २०१८ साली थांबले. नक्कल चालू असताना मूळ वस्तू नाहीशी झाली. लोकांनी मागणी केली, तेव्हा २०१९ साली तिची दुसरी आवृत्ती काढावी लागली.

ही नक्कल कशी करतात हे युवकांनी आम्हांस समजावून दिले, ते वाचकांच्या कुतूहलासाठी थोडक्यात सांगतो. पहिली पायरी रंगांची. डिजिटल चित्रात तांबडा, हिरवा व निळा यांच्या नोंदी वेगवेगळ्या असतात. करडी छटा करताना कोणाला किती वजन द्यायचे ते आपण ठरवतो. तांबड्याचे वजन शून्य केले व निळ्याचे वाढवले की ऑर्थो काचेचे रूप येते: ओठ काळपट, आकाश कोरे, लुगडे काळे. दुसरी पायरी छटांची. फिल्म प्रकाशाला सरळ प्रमाणात उत्तर देत नाही. गडद भागात ती संथपणे उठते, मध्ये चढते आणि उजळ भागात पुन्हा वाकते. ही वक्ररेषा फर्डिनांड हर्टर व व्हेरो ड्रिफील्ड या दोघांनी १८९० सालीच मांडली होती. आजच्या प्रणाली तीच रेषा गिरवतात.

तिसरी पायरी दाण्याची, आणि खरी कसोटी येथेच. नवशिका माणूस साऱ्या चित्रावर सारखेच ठिपके उधळतो. ते वर शिंपडलेल्या रेतीसारखे दिसतात. फिल्मवरून काढलेल्या प्रतीत दाणा मधल्या करड्या छटांत अधिक जाणवतो. शुभ्र आणि गडद काळ्या भागांत तो कमी दिसतो. शिवाय तो सुटा नसून पुंजक्यांत असतो, आणि चित्र मोठे केले की तोही मोठा होतो. २०१७ साली अलास्डेर न्यूसन, ज्युली दलाँ व ब्रुनो गालेर्न या संशोधकांनी याहून पुढचे पाऊल टाकले. चित्रावर दाणे टाकण्याऐवजी त्यांनी गणिताने असंख्य दाणे यदृच्छया पसरवले आणि त्या दाण्यांचेच चित्र बनवले, जसे फिल्ममध्ये होते तसे.

चित्रपटांच्या बाबतीत तर गोष्ट आणखी पुढे गेली आहे. दाणे यदृच्छ असल्याने ते दूर पाठवण्यास फार जागा व्यापतात. म्हणून २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या 'एव्ही१' या पद्धतीत अशी सोय आहे की पाठवणाऱ्याने चित्रपटातील दाणे पुसावेत, त्यांचे केवळ मोजमाप पाठवावे, आणि आपल्या घरातील यंत्राने त्या मापाचे नवे दाणे तयार करावेत. पडद्यावर दिसणारा तो दाणा मूळ फिल्मवर कधीच नव्हता. करमणुकीसाठी हे ठीकच आहे. पण जेथे साक्षीचा प्रश्न येतो, तेथे काय?

दोन पवित्र चेहरे

आपल्या ख्रिस्तसभेला हा प्रश्न नवा नाही. २८ मे १८९८ च्या रात्री इटलीतील तुरीन येथे सेकोंदो पिया या वकिलांनी, जे हौशी छायाचित्रकारही होते, तेथील प्रेतवस्त्राचे छायाचित्र घेतले. काच धुताना त्यांना निगेटिव्हमध्ये एका पुरुषाचा सुस्पष्ट चेहरा दिसला. पुढे त्यांच्यावर चित्रात फेरफार केल्याचे आरोप झाले. १९३१ साली जुझेप्पे एन्री यांनी ऑर्थो काचांवर पुन्हा छायाचित्रे घेतली, तेव्हा पियांचे चित्र निर्दोष होते हे सिद्ध झाले. वस्त्राच्या काळाविषयीचा वाद वेगळा आहे. १९८८ सालच्या कार्बन चाचणीने तो काळ १२६० ते १३९० असा सांगितला, आणि ख्रिस्तसभेने वस्त्राच्या अस्सलपणाविषयी अधिकृत निर्णय दिलेला नाही.

आमच्या विषयाला जवळची घटना त्यापुढची. १९७९ साली शिकागोच्या लोयोला विद्यापीठातील येशूसंघीय फादर फ्रान्सिस फिलास यांनी एन्रींच्या छायाचित्राची वाढवलेली प्रत पाहून असे मांडले की वस्त्रावरील चेहऱ्याच्या उजव्या डोळ्यावर पिलाताच्या काळातील नाण्याची अक्षरे दिसतात. फादर विद्वान होते आणि त्यांची श्रद्धा प्रामाणिक होती. परंतु अनेक अभ्यासकांचा आक्षेप असा की ती अक्षरे कापडाच्या विणीत व काचेच्या दाण्यांत डोळ्यांनी जुळवून घेतलेली आहेत. चित्र एका मर्यादेपलीकडे वाढवले की वस्तू संपते आणि दाणेच उरतात. तेथे प्रेमळ डोळा आपल्याला हवे ते पाहू लागतो.

दुसरा चेहरा लिझ्यूच्या संत तेरेजेचा. तिची बहीण सेलिन १८९४ साली त्याच कार्मेल मठात दाखल झाली, ती कॅमेरा बरोबर घेऊन. म्हणूनच १८९७ साली चोविसाव्या वर्षी देवाघरी गेलेल्या या संतेची मठातील छायाचित्रे आपल्याला लाभली. परंतु कॅमेऱ्यापुढे बराच वेळ निश्चल बसावे लागल्याने बहिणीचा खरा भाव चित्रात आलेला नाही, असे सेलिनला मनापासून वाटे. म्हणून तिने चित्रे रंगवली, आणि मठाबाहेर गेलेल्या छायाचित्रांवरही हात फिरवला गेला. १९२५ साली तेरेजा संतपदी विराजमान झाली तेव्हा जगाला ठाऊक होता तो एक गोड, मऊ, बाहुलीसारखा चेहरा. १९५९ साली सेलिनचे निधन झाले, आणि १९६१ साली कार्मेल संघाचे फादर फ्रांस्वा द सेंत-मारी यांनी मूळ काचांवरून, हात न लावलेली छायाचित्रे ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. तेथे दिसली एक खंबीर हनुवटीची, दुखणे सोसलेली, जागत्या डोळ्यांची तरुणी. अनेकांची भक्ती त्या चेहऱ्याने उलट अधिक दृढ केली. सेलिनच्या मनात फसवणूक नव्हती, केवळ प्रेम होते. तरी त्या प्रेमाने साठ वर्षे खरी तेरेजा आपल्यापासून थोडी दूर ठेवली. सुदैवाने मूळ काचा कोणी फेकून दिल्या नव्हत्या.

आम्ही काय ठरवले

युवकांशी बोलत होतो त्याच आठवड्यात धर्मग्रामातील एक वृद्ध गृहस्थ जुन्या सोडॅलिटीचे सामुदायिक छायाचित्र घेऊन आले. मंदिरासमोर उभ्या असलेल्या तीसेक स्त्रियांत, मागच्या रांगेत, त्यांची आई. ते बारा वर्षांचे असताना ती वारली. तिचे दुसरे छायाचित्र नाही. चित्रात तिचा चेहरा तांदळाच्या दाण्याएवढा. आमच्या मुलांनी तो वाढवला, तेव्हा डोळे, नाक, ओठ सारे दाण्यांत विरून गेले. एकाने उत्साहाने कृत्रिम बुद्धिमत्तेच्या एका प्रणालीला तो चेहरा 'स्पष्ट' करावयास सांगितले. काही क्षणांत पापण्यांच्या केसांसकट एक सुरेख चेहरा पडद्यावर आला. वृद्ध गृहस्थांनी तो पुष्कळ वेळ न्याहाळला. मग म्हणाले, "बाई देखणी आहे रे पोरांनो, पण ही आमची आय नव्हे." आणि दाणेदार तुकड्याचीच एक प्रत काढून द्यावी, अशी विनंती त्यांनी केली.

आम्हांस जे शब्दांत मांडता येत नव्हते ते त्यांनी सहज सांगून टाकले. त्या धूसर तुकड्यातील दाणे त्या दिवशी त्या मातेच्या चेहऱ्यावरून आलेल्या उजेडाने काळे झाले होते. थोडेच होते, पण तिचे होते. यंत्राने घडवलेल्या चेहऱ्यात तिचे असे काहीच नव्हते.

मग नव्या चित्रावर जुना दाणा घालणे पाप आहे काय? मुळीच नाही. १२२३ साली संत फ्रान्सिस यांनी ग्रेच्यो गावी बैल, गाढव व गव्हाणी आणून नाताळची रात्र उभी केली, आणि तेव्हापासून आपण घरोघरी गोठा बांधत आलो आहोत. त्या गोठ्याला कोणी बनावट बेथलेहेम म्हणत नाही, कारण तो गोठा आहे हे बांधणाराही जाणतो आणि पाहणाराही. गव्हाणीतील गवताने मन भक्तीकडे वळते. त्याच गवताची काडी कोणी पवित्र अवशेष म्हणून काचेच्या पेटीत ठेवली, तर मात्र तो घोर अपराध ठरेल. संगणकातील दाणा हा गोठ्यातील गवतासारखा आहे. सजावट म्हणून तो सुंदर आहे. साक्ष म्हणून तो पुढे करू नये.

त्याप्रमाणे आम्ही युवकांचे चित्र स्मरणिकेत घेतले. मात्र ते 'जुन्या आठवणी'च्या पानावर न घालता या वर्षीच्या पानावर घातले, आणि खाली ओळ छापली: 'या वर्षीची मिरवणूक; जुन्या फिल्मच्या धर्तीवर संगणकाने केलेले रूप.' जुन्या मिरवणुकीच्या जागी छायाचित्र नाही. तेथे वयोवृद्धांनी सांगितलेल्या आठवणी शब्दांत दिल्या आहेत. सोडॅलिटीचे चित्र ओरखडे, डाग व दाण्यांसकट, न पुसता छापले आहे. युवकांनी हे सारे मनापासून मान्य केले. एवढेच नव्हे, तर ती ओळ कशी असावी हेही त्यांनीच सुचवले.

जाता जाता आमच्या वाचक-कुटुंबांना एक कळकळीची विनंती. आपल्या घरी जुन्या निगेटिव्हच्या पट्ट्या, काचा वा छायाचित्रे असतील तर ती निरुपयोगी समजून टाकू नका. पावसाळी दमटपणात जिलेटिनला बुरशी लागते, म्हणून ती कोरड्या जागी, कागदी पाकिटात ठेवा. संगणकावर प्रत काढताना दाणे व डाग पुसण्याची सोय बंद ठेवून एक प्रत जशीच्या तशी जपा. सुशोभन करायचे ते दुसऱ्या प्रतीवर करा. छायाचित्राच्या पाठीवर मऊ पेन्सिलीने नावे व साल लिहा. आणि हे घरातील वडीलधाऱ्यांना विचारून लवकर लिहा. मागच्या रांगेतील चेहरे ओळखणारे डोळे आपल्या घरांत आता फार थोडे उरले आहेत.